इंग्रजी शब्दांची लांबी आणि शेवटचं अक्षर : याद्या करताना या चुका टाळा

'पाच अक्षरं, शेवटी ई', 'सहा अक्षरं, शेवटी एल' असे कप्पे करून इंग्रजी शब्द लावायला घेतले की पहिल्याच पानावर गडबड होते. 'टेबल' एलच्या कप्प्यात जाऊन बसतो. 'लेबल'ही तिथेच. दोघांत पाच-पाच अक्षरं, कानाला अगदी सख्खी भावंडं. पण लेबलच्या शेवटी एल आहे आणि टेबलच्या शेवटी ई. अशा वह्या तपासताना मला दिसणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच असतं : यादी डोळ्यांची असते आणि आपण ती कानांनी भरतो.

उच्चारावरून अक्षरं मोजणं

मराठीत जे ऐकू येतं ते बहुतांशी तसंच लिहिलं जातं, त्यामुळे ही सवय लागणं स्वाभाविक आहे. 'स्प्रिंग' आपल्या हिशेबाने दोन अक्षरांचा, इंग्रजीत सहा. 'थ्रू' हे आपलं एकच जोडाक्षर, इंग्रजीत टी-एच-आर-ओ-यू-जी-एच अशी सात. उलट 'एरिया' आपल्याकडे तीन अक्षरांचा, इंग्रजीत फक्त चारात आटपतो. उपाय साधा आहे : शब्द म्हणायचा नाही, स्पेलिंग म्हणायचं आणि एकेका अक्षराला एकेक बोट मोडायचं.

शेवटचा आवाज म्हणजे शेवटचं अक्षर समजणं

ही सगळ्यांत मोठी चूक. म्हणून इथे थोडं थांबू.

टेबल-लेबलसारख्या जोड्या शोधायला लागलात की संपत नाहीत. 'टायटल' आणि 'टोटल' दोन्ही पाच अक्षरांचे, पहिल्याचा शेवट ई, दुसऱ्याचा एल. 'सिंगल' आणि 'सिग्नल' दोन्ही सहा अक्षरांचे, तिथेही तसंच. 'सायकल', 'बॉटल' ईचे. 'मॉडेल', 'हॉटेल', 'पेन्सिल' एलचे. कानाला यातला फरक कळणं जवळजवळ अशक्य आहे, आणि नेमकं म्हणूनच शेवटच्या अक्षराची यादी उपयोगी पडते.

दुसरा मोठा गट 'चर'वाल्यांचा. 'टीचर' सात अक्षरांचा, शेवटी आर. 'पिक्चर' आणि 'लेक्चर'ही सात अक्षरांचेच, पण शेवटी ई. 'नेचर', 'फर्निचर' त्यांच्याच घरचे. तिसरा गट 'इस'वाल्यांचा : 'ऑफिस', 'सर्व्हिस', 'नोटीस', 'पोलीस' हे चारही ईच्या यादीत जातात, एसच्या यादीत जातो तो 'टेनिस'. 'कॉलम'च्या शेवटी एम नाही, एन आहे. 'थम', म्हणजे अंगठा, बीवर संपतो. 'फोटो' ओवर संपतो, 'विंडो' मात्र डब्ल्यूवर.

शेवटची ही मुकी ई फुकटची बसलेली नसते, हे एकदा समजलं की निम्मी यादी आपोआप पाठ होते. 'हॅट'ला ई लागली की 'हेट' होतो, 'किट'चा 'काइट', 'नॉट'चा 'नोट'. 'डान्स'मधली सी आणि 'लार्ज'मधली जी मऊ उच्चारली जाते ती पुढच्या ईमुळे. 'ब्रेथ' म्हणजे श्वास, सहा अक्षरं, शेवटी एच. 'ब्रीद' म्हणजे श्वास घेणं, सात अक्षरं, शेवटी ई. कधी ती फक्त एसमागे पहारा देते : टी-ई-एन-एस म्हणजे अनेक दहा, त्याला ई जोडली की 'टेन्स', म्हणजे काळ किंवा ताणलेला.

यादी रिकामी राहिली म्हणून घाबरणं

व्हीवर संपणारे शब्द शोधून काहीच हाती लागत नाही, मग वाटतं आपलंच काही चुकतंय. चुकत नाही. 'लव्ह', 'गिव्ह', 'हॅव्ह', 'लीव्ह' हे सगळे ईवर संपतात, कारण रूढ इंग्रजी शब्द व्हीवर सहसा संपतच नाहीत. एकेकाळी यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन रूपं मानली जात, त्या काळाची ही खूण आहे. जेचंही तेच : 'पेज', 'ब्रिज', 'जज' यांच्या शेवटी जेचा पत्ता नाही, जी आणि ई आहेत. आय आणि यू यांच्या याद्याही लहानच राहतात. 'टॅक्सी', 'स्की', 'मेनू', 'फ्लू', 'गुरू' : बहुतेक दुसऱ्या भाषांतून आलेले किंवा लांब शब्द कापून उरलेले. व्हीची यादी भराभर भरली असेल तरच पुन्हा तपासा.

एकाच कप्प्यात आलेल्या जुळ्यांकडे दुर्लक्ष करणं

'डायरी' आणि 'डेअरी'. पाच अक्षरं, शेवट वाय, आणि अक्षरंही तीच, फक्त आय आणि ए यांची अदलाबदल. 'ट्रायल' आणि 'ट्रेल' तसेच. 'फॉर्म' आणि 'फ्रॉम'ही तसेच. हे शब्द यादीत लांब लांब लिहिले तर गोंधळ वाढतो. शेजारी लिहा आणि जागा बदललेल्या अक्षरांखाली रेघ मारा. काही जोड्यांना मात्र शेवटचं अक्षरच सोडवतं. 'क्वाइट', म्हणजे बऱ्यापैकी, ईवर संपतो आणि 'क्वाएट', म्हणजे शांत, टीवर. 'प्रिन्सिपल' दोन आहेत, दोन्ही नऊ अक्षरांचे : एलवाला मुख्य किंवा मुख्याध्यापक, ईवाला तत्त्व.

मूळ शब्द आणि त्याची रूपं एकत्र करणं

एसची यादी बघता बघता फुगते, कारण जवळजवळ प्रत्येक नामाला आणि क्रियापदाला एस लागतो. त्यात नवा शब्द एकही नसतो. २०२१ मध्ये जॉश वॉर्डल यांनी लोकांसमोर आणलेल्या वर्डल या पाच अक्षरांच्या खेळातही, मूळ उत्तरांच्या यादीत नुसता एस लावून होणारी अनेकवचनं ठेवली नव्हती. तोच नियम वहीत पाळा. रूप बदललं की लांबी आणि शेवट दोन्ही बदलतात : 'सिटी' चार अक्षरं, शेवटी वाय, 'सिटीज' सहा, शेवटी एस. 'पॅनिक' सीवर संपतो, पण भूतकाळात मध्ये के घुसते. ही रूपं मूळ शब्दासमोर कंसात लिहा, वेगळी ओळ देऊ नका.

खेळांच्या कोशातून उचललेल्या याद्याही टाळाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. खेळात गुण मिळवून देणारे कितीतरी शब्द कुणी बोलत नाही की लिहीत नाही.

शेवटावरून शब्दाची जात ठरवणं

एल-वाय दिसलं की क्रियाविशेषण, हा नियम अर्धाच खरा. 'फ्रेंडली' आणि 'लव्हली' विशेषणं आहेत, 'फॅमिली' नाम आहे, 'रिप्लाय' नाम आणि क्रियापद दोन्ही. ई-आर म्हणजे करणारा, तर मग 'वॉटर' आणि 'पेपर' काय करतात? प्रत्यय काढून उरलेला तुकडा अर्थपूर्ण आहे का, ते आधी बघा.

ब्रिटिश आणि अमेरिकी स्पेलिंगची सरमिसळ

'कलर' ब्रिटिश पद्धतीने सहा अक्षरांचा, अमेरिकी पद्धतीने पाच. 'सेंटर' दोन्हीकडे सहाचाच, पण ब्रिटिश शेवट ई, अमेरिकी आर. 'कॅटलॉग' नऊ आणि ई, नाहीतर सात आणि जी. अमेरिकी वळण रुजवण्यात नोआ वेब्स्टर यांच्या १८२८ च्या शब्दकोशाचा मोठा वाटा होता. कुठलंही एक वळण निवडा आणि वहीच्या पहिल्या पानावर तसं लिहून ठेवा.

संगणकावर आकडा चुकतोय?

एक्सेलमध्ये लेन हे सूत्र अक्षरांबरोबर मोकळ्या जागाही मोजतं. पाच अक्षरांचा शब्द सहाचा दिसत असेल तर मागे जागा चिकटलेली आहे. राइट या सूत्रालाही मग शेवटचं अक्षर म्हणून तीच रिकामी जागा सापडते. ट्रिम वापरा. वेबपानावरून उचललेल्या मजकुरात कधी कधी वेगळ्या प्रकारची जागा येते, ती ट्रिमने जात नाही. ती सबस्टिट्यूटने काढावी लागते. आणि शब्द देवनागरीत लिहून लेन लावू नका. 'स्प्रिंग'साठी तो आठ सांगेल, कारण हलन्त, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटं मोजलं जातं.

एवढं करूनही ईची यादी हाताबाहेर जाईल, ती सगळ्यांचीच जाते. तिथे एका अक्षरावर थांबू नका. शेवटच्या दोन अक्षरांनी फोडा : एल-ईवाले एकीकडे, आर-ईवाले एकीकडे, सी-ई आणि व्ही-ई आपापल्या जागी. टेबल, टायटल, सिंगल, सायकल एका रांगेत उभे राहिले की लेबल त्यांच्यात चुकून शिरत नाही.