मंडळीचा ग्रुप सांभाळताना

हल्ली चर्चची मंडळी म्हटली की व्हॉट्सॲप ग्रुप आलाच. उपासनेची वेळ, रविवार शाळेचा नाताळचा कार्यक्रम, दुखवट्याचा निरोप, सगळं तिथंच कळतं. कुरबुरीही तिथंच सुरू होतात, आणि बहुतेक वेळा वाईट हेतूनं नाही, तर प्रेमापोटी केलेल्या घाईमुळे.

सगळ्यात जास्त घोटाळा प्रार्थनेच्या विनंतीत होतो. हा नमुना पाहा: ‘पाचगावच्या काकूंना कॅन्सर, सीपीआर हॉस्पिटलला ॲडमिट, मुलगा बघत नाही, सर्वांनी प्रार्थना करा.’ एका ओळीत आजार, पत्ता आणि घरातलं भांडण गावभर झालं. त्याऐवजी असं लिहा: ‘आपल्या एका भगिनीचं मंगळवारी सकाळी ऑपरेशन आहे, डॉक्टरांसाठी आणि घरच्यांसाठी प्रार्थना करा.’ देवाला वॉर्ड नंबर लागत नाही. नाव घालायचंच असेल तर आधी त्या माणसाला, ते शक्य नसेल तर घरच्यांना फोन करून विचारा. ‘नको’ म्हणाले तर विषय संपला. घाईनं पाठवून बसलात तर मजकूर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. पण कुणी तो आधीच पुढं ढकलला असेल, तर ती प्रत तुमच्या हातात राहत नाही.

निधनाचा निरोपही असाच. पेशंट अजून आयसीयूत आणि ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सुरू, असं होऊ शकतं. त्यामुळे निरोप टाकायचा तो पाळकसाहेबांनी किंवा घरच्यांनी नेमलेल्या एकानंच, दफनविधीचं ठिकाण आणि वेळ पक्की झाल्यावर.

कुणी चुकीचं फॉरवर्ड टाकलं तर काय करायचं, त्याची रीत बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात, 15 ते 17 या वचनांत दिलेली आहे: आधी एकांतात, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन, त्यानंतर मंडळीपुढं. आपण नेमकं उलटं करतो. दोनशे जणांसमोर ‘काका, हे फेक आहे’ म्हणून टाकतो. मग काका चूक कबूल करण्याऐवजी अब्रू वाचवायला बसतात. म्हणून थेट फोन करा: ‘काका, तो व्हिडिओ जुना आहे, तुम्हीच काढता का?’ तासाभरात निघाला नाही तर ॲडमिन तो सगळ्यांसाठी डिलीट करू शकतो. मात्र दुरुस्तीचा मजकूर ग्रुपवर टाकताना पाठवणाऱ्याचं नाव घालू नका, आणि चुकीचा व्हिडिओ पुन्हा जोडू नका. खोटं खोडताना खोट्याचाच प्रसार होतो तो इथं.

पावसाळ्यात तर कसोटीच लागते. 2019 चे पुराचे व्हिडिओ आजचे म्हणून फिरू लागले की कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळकडची माणसं हवालदिल होतात. मजकुरावर दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून आलेला आहे; असा मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पुढं पाठवता येतो, हा इशाराच समजा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. आजचा आकडा जिल्हा प्रशासनाच्या निवेदनात पाहा आणि तारीख, वेळ घालूनच टाका. ‘आत्ताच कळलं’ ही काही वेळ नव्हे.

दुसऱ्यांच्या धर्माची टिंगल स्टेटसला ठेवण्याचा प्रकार तर नकोच, ‘गंमत म्हणून’ सुद्धा. जून 2023 मध्ये स्टेटसवरूनच कोल्हापुरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. तरुण संघाच्या मुलांना हे एकदा समोर बसवून सांगा. उलट, आपल्या विश्वासाला कुणी नावं ठेवली तर पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) उत्तर द्यायला सांगितलंय, पण सौम्यतेनं आणि आदरानं. व्यवहारात त्याचा अर्थ असा: उत्तर मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा, सकाळी वाचा, त्यातलं समोरच्या माणसाबद्दलचं प्रत्येक विशेषण खोडा. उरेल तेवढंच टाका. काही उरलं नाही तर टाकू नका. धमकी असेल तर मात्र वाद न घालता तारखेसह स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा आणि पोलिसांत द्या.

फोटोंचं थोडक्यात. मुलांचे फोटो पालकांना विचारून, शाळेचं नाव न दिसता. बाप्तिस्म्याचा फोटो त्या व्यक्तीच्या होकाराशिवाय कधीच नाही; तिनं नातेवाइकांना अजून सांगितलेलं नसतं. मदतीचं किट देताना घेणाऱ्याचा चेहरा टिपायचा नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं सांगितलेलं असताना आपण बॅनर धरून उभे!

पाळकसाहेबांचा फोटो लावून अनोळखी नंबरवरून ‘मीटिंगमध्ये आहे, तातडीनं पाच हजार पाठव’ असा मेसेज आला तर त्याच नंबरवर उत्तर देऊ नका. तुमच्याकडच्या जुन्या नंबरवर फोन लावा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे महिला मंडळात मोठ्यांदा सांगा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. आणि ज्याचे पैसे गेले त्याला ग्रुपवर ‘एवढं कसं कळलं नाही?’ असं विचारू नका. लाजेपोटी पुढचा माणूस सांगायचाच टाळतो.