मापाने शिवून घेतलेल्या खास पोशाखाची ट्रायल कशी द्यावी

लग्नाचा लेहंगा, स्वागतसमारंभाचा गाऊन किंवा पैठणीवरची भरतकामाची चोळी एखाद्या डिझायनरच्या कार्यशाळेत आपल्या मापाने शिवून घ्यायची ठरली, की घरात रंग, कापड आणि खर्च या तीन गोष्टींवर भरपूर चर्चा होते. ट्रायलला किती वेळा जावे लागेल, तिथे आपण काय करायचे आणि काय बोलायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे बहुतेक जणी पहिल्या ट्रायलला घाईघाईत जाऊन येतात आणि शेवटच्या ट्रायलला सगळ्या तक्रारी घेऊन पोहोचतात. खरे तर हे उलट व्हायला हवे, आणि ते का, हे पुढे ओघाने येईलच.

‘कुतूर’ (उंची पोशाख शिवण्याची कला) हा शब्द आपल्याकडे आता कोपऱ्यावरच्या बुटिकच्या पाटीवरही दिसतो. फ्रान्समध्ये ‘ओत कुतूर’ (सर्वोच्च दर्जाची शिवणकला) या संज्ञेला १९४५ पासून कायद्याचे संरक्षण आहे आणि ती वापरायची असेल तर कपडा ग्राहकाच्या मागणीनुसार बनवलेला असावा व त्याची निदान एक तरी ट्रायल झालेली असावी, अशी अट आहे. म्हणजे ट्रायल ही शिलाई संपल्यानंतरची औपचारिकता नसून कपडा घडवण्याचाच भाग आहे. आपल्याकडे तसा कायदा नसला, तरी चांगल्या कार्यशाळेत पद्धत तीच असते: मापे, मांजरपाटाचा नमुना, कच्च्या टाक्यांची ट्रायल आणि शेवटची ट्रायल. भरजरी कपड्यासाठी हे सारे समारंभाच्या चार ते सहा महिने आधी सुरू व्हावे.

मापे देण्याआधी

समारंभाच्या दिवशी जी अंतर्वस्त्रे घालणार आहात, तीच घालून जावे. ब्रा बदलली की छातीचे माप बदलते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, छातीचा सर्वांत उंच बिंदू खालीवर सरकतो. टक्स (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्या) नेमके त्याच बिंदूकडे जात असल्यामुळे अर्ध्या इंचाचा फरकही समोरून दिसतो. पादत्राणे ठरली नसली, तरी टाचेची उंची ठरलेली असावी. माझ्या भाचीच्या लेहंग्याच्या वेळी आम्ही सगळ्या ट्रायल सपाट चपलांवर उरकल्या आणि लग्नाच्या आठवडाभर आधी तिने तीन इंच टाचेची सँडल आणली. लेहंगा घोट्याच्या वर गेला आणि त्याच्या काठावर भरतकाम असल्यामुळे खाली सोडायला काही उरलेच नव्हते. चूक पूर्णपणे आमची होती.

अंगाला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नये, कारण रेशमावरचा तेलाचा डाग निघता निघत नाही. लिपस्टिकही टाळावी, कपडा डोक्यावरून घालताना ती हमखास लागते. सोबत एकच व्यक्ती न्यावी आणि ती स्पष्ट बोलणारी असावी. आई, मावशी, दोन मैत्रिणी आणि होणारी नणंद अशा सगळ्या जणी आल्या, तर मास्टरजी, म्हणजे मापे घेणारे मुख्य शिंपी, कोणाचे ऐकणार, हा प्रश्नच असतो.

मापे देताना

साध्या ब्लाउजला आठ-दहा मापांत काम भागते. अशा कपड्यासाठी पंचवीस-तीस मापे घेतली जातात. पाठीची रुंदी, खांद्यापासून छातीच्या बिंदूपर्यंतचे अंतर, दोन बिंदूंमधले अंतर, पुढची उंची आणि मागची उंची वेगवेगळी, मुंढा (बाही जिथे जोडली जाते तो काखेभोवतीचा घेर), दंड, आणि बाही कोपराखाली जाणार असेल तर कोपर वाकवून घेतलेले माप, असे बरेच काही त्यात येते. कमरेभोवती आधी एक नाडी बांधतात. ती जिथे आपोआप स्थिरावते तीच तुमची खरी कंबर, आणि उभी मापे तिथून मोजली जातात.

या वेळी पोट आत ओढू नये, छाती फुगवू नये आणि खाली टेपकडे पाहू नये. रोज उभ्या राहता तशाच उभ्या राहा. जवळजवळ प्रत्येकाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा उतरता असतो. नेहमी एकाच खांद्यावर पर्स अडकवणाऱ्यांचा तर असतोच. मास्टरजींनी दोन्ही बाजूंची मापे वेगळी लिहिली, तर वाईट वाटून घेऊ नये. उलट ज्याने दोन्ही बाजू एकाच मापाने धरल्या, त्याच्याकडून कपडा घेताना जरा सावध राहावे.

पहिली ट्रायल: मांजरपाट

हीच सर्वांत महत्त्वाची ट्रायल, आणि हीच दिसायला सर्वांत निराशाजनक. रेशमाची वाट पाहत गेलेल्या नवरीच्या अंगावर पिवळट, जाडाभरडा मांजरपाट चढवला जातो. त्याला अस्तर नसते, हूक नसतात, मागून तो टाचण्यांनी बंद केलेला असतो. मग मास्टरजी पेनने त्यावर रेघा मारतात, कात्रीने गळा तिथल्या तिथे कापतात, एक बाही सरळ उसवून काढतात. घाबरू नये, हा नमुना कापला जाण्यासाठीच शिवलेला असतो.

इतकी खटपट का, हे भरतकाम समजून घेतल्यावर कळते. जरदोसी किंवा आरीकाम शिवलेल्या कपड्यावर होत नाही. सपाट कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात, त्यावर चोळीच्या प्रत्येक भागाची बाह्यरेषा आखतात आणि त्या रेषेच्या आत काम भरतात. (मुंबईतल्या कारागिरांचे हे कौशल्य जगाला ठाऊक आहे, दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीने ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर आपला शो केला, त्यामागे मुंबईच्या ‘चाणक्य’ या भरतकाम कार्यशाळेशी असलेले जुने सहकार्य होते.) बाह्यरेषा येते ती या मांजरपाटावरून. एकदा कारागिरांनी महिनाभर बसून ती रेषा मोत्यांनी भरली, की गळा अर्धा इंच वर घेता येत नाही आणि खांदा सरकवता येत नाही. म्हणून मनात असलेली प्रत्येक शंका याच दिवशी बोलून दाखवावी. गळा खोल वाटतो, पाठ फार उघडी वाटते, बाही दंडावर नको तिथे संपते, हे सारे मांजरपाटावर पाच मिनिटांत बदलते.

आरशात पाहताना रंगाची कल्पना करण्यापेक्षा सुरकुत्या वाचाव्यात. छातीवर आडव्या ताणलेल्या रेघा दिसल्या, तर तिथे कपडा कमी पडतो आहे. उभ्या सैल चुण्या दिसल्या, तर जास्त आहे. मानेपासून काखेकडे तिरक्या रेघा जात असतील, तर बहुधा खांद्याचा उतार चुकला आहे. कंबरेच्या वर पाठीत आडवी वळकटी जमत असेल, तर मागची उंची जास्त झाली आहे. शेवटी बाजूची शिवण पाहावी. ती काखेपासून सरळ खाली ओळंब्यासारखी उतरायला हवी. ती पुढे किंवा मागे झुकत असेल, तर मागचा-पुढचा तोल बिघडला आहे, आणि हा दोष नंतर इस्त्रीने किंवा हुकांनी झाकला जात नाही.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज फार रूढ आहे. हात वर करताना काचते म्हटले, की ‘मुंढा सोडा, खाली घ्या’ अशी सूचना दिली जाते. मुंढा जितका खाली उतरतो, तितकी हात वर करताना बाहीबरोबर सगळी चोळी वर ओढली जाते. काखेशी नीट भिडलेला, उंच मुंढा आणि त्याला साजेशी बाही असेल, तर हात मोकळा फिरतो. म्हणून उपाय सांगण्यापेक्षा त्रास सांगावा: ‘इथे काचते’, ‘श्वास घेताना इथे अडते’, ‘हात पुढे केला की पाठीत ओढ बसते’. मास्टरजी आपल्या अनुभवाने त्यामागचे कारण शोधतात. तुम्ही कारण सांगितले, की बिचारे मान डोलावून तेच करून देतात.

आणि नुसते उभे राहून ट्रायल संपवू नये. वरमाला घालताना हात जितके वर जातील, तितके वर करून पाहा. पाटावर बसतो तसे मांडी घालून बसा. थोरांना वाकून नमस्कार करा आणि पाठीमागून सोबतच्या व्यक्तीला पाहायला सांगा. दोन-चार जिने चढा-उतरा. पोटभर श्वास घेऊन तो दहा आकडे रोखून धरा. सप्तपदी आणि पंगत यांच्यामध्ये कपडा सैल करायला कोणी वेळ देणार नाही.

मापे आणि मांजरपाट हे दोन टप्पे दूर राहणाऱ्यांनाही पार पाडता येतात. अमेरिकेत किंवा आखातात राहणाऱ्या बऱ्याच मराठी मुली पुण्या-मुंबईत कपडा शिवून घेतात. त्यांनी कार्यशाळेकडून मांजरपाटाचा नमुना कुरियरने मागवावा, तिथल्या एखाद्या शिलाई येणाऱ्या व्यक्तीकडून टाचण्या लावून घ्याव्यात आणि व्हिडिओ कॉलवर समोरून, दोन्ही बाजूंनी व पाठीमागून मास्टरजींना दाखवावे. नुसती मापे लिहून पाठवणे यापेक्षा हे किती तरी खात्रीचे आहे.

दुसरी ट्रायल: कच्चा टाका

आता खरे कापड अंगावर येते, पण शिवण पांढऱ्या दोऱ्याच्या लांब धावदोऱ्यांची असते. ती हलक्या हातांनी घालावी-काढावी लागते. स्वतः ओढाताण करू नये. कपडा घालून देणाऱ्या मदतनिसाला तो घालू द्यावा. ट्रायलच्या खोलीत कोणाची मदत चालेल, महिला मदतनीस हवी का, फोटो काढले तर चालतील का, हे आपण आधीच सांगावे. संकोचून काही न बोलण्याची ही जागा नव्हे.

भरतकामाचे वजन याच वेळी कळते. जरदोसीचा लेहंगा सहज काही किलोंचा होतो आणि तो सगळा भार कमरपट्टीवर येतो. मांजरपाटात नेमका बसलेला लेहंगा भरतकामासह अर्धा-पाऊण इंच खाली उतरतो. त्यामुळे नुसत्या नाडीवर विसंबू नये. नाडीबरोबर हूक आणि आतून रुंद पट्टी मागावी. घेर उभा राहण्यासाठी खाली कॅनकॅन (ताठ जाळीचा थर) लावणार असतील, तर तोही याच ट्रायलला लावलेला हवा, कारण तो काठ वर उचलतो.

खालच्या काठाची आखणी ही सर्वांत कंटाळवाणी पण नाजूक पायरी आहे. तुम्ही ठरलेल्या टाचांवर स्थिर उभ्या राहता आणि मदतनीस जमिनीपासून मोजत, खडूने खूण करत तुमच्याभोवती फिरते. ‘जरा पाहू’ म्हणून तुम्ही खाली वाकलात, की मागचा काठ वर उचलला जातो आणि ती खूण फुकट जाते. नजर समोर ठेवावी. कापड उरेब, म्हणजे तिरके, कापलेले असेल, तर ते स्वतःच्या वजनाने लांबते. असा घेर निदान एक रात्र, जमल्यास दोन दिवस, टांगून ठेवल्यावरच काठ आखला आहे ना, हे विचारून घ्यावे.

या टप्प्यावर काय बदलू शकते आणि काय नाही, हेही लक्षात ठेवावे. कपडा आत घेणे सोपे असते. बाहेर सोडणे आत किती माया (शिवणीच्या आतले जादा कापड) ठेवली आहे त्यावर ठरते. दर शिवणीला निदान इंचभर माया ठेवायला सांगावे. मात्र साटीन आणि मखमल यांच्यावर जुन्या टाक्यांच्या खुणा राहतात, त्यामुळे माया असूनही शिवण सरकवता येईलच असे नाही. गळा आणखी खोल करता येतो, वर घेता येत नाही. पैठणीबरोबर विणून येणाऱ्या ब्लाउजपीसचे तर दुसरे कापडच नसते. बाहीवर काठ कुठे येणार आणि दोन्ही बाह्यांवर तो सारखा येणार का, हे बेतण्यापूर्वी टाचण्या लावून दाखवायला सांगावे.

शेवटची ट्रायल

ही समारंभाच्या दहा ते पंधरा दिवस आधी असावी. त्याहून आधी झाली तर केळवणांचा हिशेब धरलेला राहत नाही, आणि उशिरा झाली तर दुरुस्तीला वेळ उरत नाही. येथे फक्त बारकावे पाहायचे: हूक आणि लूप समोरासमोर आहेत का, चेन (झिप) अडकते का, आतल्या बाजूचे खडे किंवा तारा अंगाला टोचतात का, ओढणीचा भार कोणत्या टाचणीवर आहे. मंगळसूत्र आणि हार सोबत न्यावेत, कारण गळ्याभोवतीच्या खड्यांत दागिना अडकतो की नाही, हे घालूनच कळते.

पैशांबाबत ही वेळ उशिराची असते. किती ट्रायल दरात धरलेल्या आहेत, वजन कमी-जास्त झाल्यास दुरुस्तीचा खर्च कोणाचा आणि कपडा कोणत्या तारखेला मिळणार, हे आगाऊ रक्कम देतानाच कागदावर लिहून घ्यावे. कपड्याबरोबर कापडाची एक पट्टी आणि उरलेले मणी-खडे मागून घ्यावेत. मांजरपाटाचा नमुना किंवा कागदी फर्मा तुमच्या नावाने ठेवतात का, तेही विचारावे, कारण पुढच्या कपड्याची निम्मी मेहनत त्याने वाचते.

समारंभाच्या दिवशी जी व्यक्ती तुम्हाला कपडा घालून देणार आहे, तिला या ट्रायलला अवश्य न्यावे आणि तिच्याकडूनच तो एकदा घालून व काढून घ्यावा. आधी आतली पट्टी, मग नाडी, मग वरचे हूक, हा क्रम तिच्या हाताला बसला पाहिजे. जड लेहंगा घरी आणल्यावर हँगरला टांगू नये. मलमलीत गुंडाळून, भरतकामाच्या घड्यांमध्ये मऊ कापड घालून तो आडवा ठेवावा आणि दुमड एकाच जागी पडू नये म्हणून अधूनमधून घडी बदलावी.