ऐन शर्यतीच्या दिवशी फॉर्म का हुकतो? लांब पल्ल्याच्या धावपटूंनी या चुका टाळाव्यात

१९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या रॉन क्लार्क याने लांब पल्ल्याच्या शर्यतींचे विश्वविक्रम एकामागून एक मोडले. १९६५ मध्ये ऑस्लो येथे त्याने १०,००० मीटरचे अंतर २७ मिनिटे ३९.४ सेकंदांत कापले आणि स्वतःचाच विक्रम अर्ध्या मिनिटाहून अधिक फरकाने मागे टाकला. तरीही ऑलिंपिकमध्ये त्याच्या हाती लागले ते केवळ १९६४ च्या टोकियोतील एक कांस्यपदक. १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये मेक्सिको सिटीच्या सुमारे २,२४० मीटर उंचीवरील विरळ हवेने त्याचा घात केला हे खरे आहे. पण टोकियोत तशी कोणतीही अडचण नव्हती आणि तिथे अखेरच्या लॅपमध्ये दोन धावपटू त्याच्या पुढे निघून गेले. याउलट फिनलंडचा लासे विरेन १९७२ आणि १९७६ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५,००० आणि १०,००० मीटरची सुवर्णपदके घेऊन गेला. मधल्या वर्षांत मात्र त्याची कामगिरी त्या मानाने साधारणच राहिली. म्युनिकच्या १०,००० मीटरच्या अंतिम शर्यतीत निम्मे अंतर पूर्ण होण्याच्या सुमारास तो ट्रॅकवर कोसळला, उठला, पुन्हा घोळक्यात परतला आणि २७ मिनिटे ३८.४ सेकंद अशा नव्या विश्वविक्रमासह जिंकला.

या दोन कारकिर्दी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. वर्षभराचे नियोजन असो वा शर्यतीतील डावपेच, धावपटूची मूळ चूक बहुतेक वेळा एकच असते: जी ताकद शेवटी लागणार आहे, ती तो आधीच खर्च करून बसतो. ही चूक कुठे आणि कशी होते आणि ती झाल्यास काय करता येते, याचा विचार पुढे केला आहे.

पात्रतेसाठीच फॉर्म खर्च करणे

व्यावसायिक धावपटूची खरी कोंडी इथे सुरू होते. मोठी स्पर्धा बहुधा ऑगस्टमध्ये असते, पण तिथे पोहोचण्यासाठी लागणारी वेळ त्याआधीच नोंदवावी लागते. पॅरिस २०२४ साठी पुरुषांच्या १०,००० मीटरचा निकष २७ मिनिटे आणि ५,००० मीटरचा १३ मिनिटे ५ सेकंद होता. या वेळा इतक्या कडक आहेत की अनेकांना त्या गाठण्यासाठीच वर्षातील सर्वोत्तम धाव घ्यावी लागते. मग वसंत ऋतूतच धारदार सराव सुरू होतो, एक प्रयत्न फसला की पंधरा दिवसांत दुसरा, मग तिसरा, आणि निकष गाठला जातो तेव्हा धावपटूकडे फार काही शिल्लक उरलेले नसते. शक्य असेल तर निकष आधीच्या हंगामातच गाठावा. ते जमत नसेल, तर वर्षात फॉर्मची दोन शिखरे येणार हे सुरुवातीलाच मान्य करावे आणि दोन्हींच्या मध्ये दोन-तीन आठवडे पुन्हा मूळ दमसासाच्या सरावासाठी राखून ठेवावेत. मधला हा काळ वाया जातो असे ज्याला वाटते, तोच सहसा दुसऱ्या शिखरापर्यंत पोहोचत नाही.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांची पद्धत इथे आजही उपयोगी पडते. शर्यतीची तारीख आधी मांडायची आणि तिथून मागे मोजत यायचे; महिनोन्‌महिने दमसास, मग टेकड्या, मग वेग, आणि सर्वांत धारदार सराव शेवटच्या काही आठवड्यांत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या शिष्यांपैकी पीटर स्नेल याने ८०० मीटर आणि मरे हॅलबर्ग याने ५,००० मीटर जिंकले. यामागचे कारण शारीरिक आहे. दमसास हळूहळू तयार होतो आणि बराच काळ टिकतो. शर्यतीच्या वेगाची धार काही आठवड्यांत चढते, पण ती फार काळ टिकवता येत नाही, आणि टिकवण्याचा हट्ट धरला तर खालचा दमसासच झिजू लागतो.

फॉर्म तीन-चार आठवडे आधीच आला तर? त्याची चिन्हे ओळखता येतात. इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत केलेल्या जलद धावा) ठरलेल्या वेगापेक्षा आपोआप जलद होऊ लागतात, प्रशिक्षकाला हाक मारून थांबवावे लागते आणि प्रत्येक सरावानंतर आणखी एक फेरी घ्यावीशी वाटते. हा आनंदाचा काळ असतो आणि म्हणूनच धोक्याचा. त्यानंतर वेळा थबकतात, झोप तुटू लागते, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद लागते आणि विनाकारण चिडचिड होते. पहिल्या टप्प्यावरच सावध झाल्यास उपाय सोपा आहे. आठवडाभर केवळ सहज धावावे, पुढचा आठवडा थ्रेशोल्डचा (दम कोंडू न देता बराच वेळ टिकवता येईल अशा जलद वेगाचा) सराव आणि लांब धाव यांवर काढावा, वेगाचे सत्र आठवड्यातून एकच ठेवावे आणि मधली एखादी शर्यत सोडून द्यावी. शर्यत सोडणे कठीण असते, कारण त्यात मानधन आणि गुण दोन्ही असतात. पण माझ्या मते हा निर्णय प्रशिक्षकाने धावपटूवर ढकलू नये, तो स्वतः घ्यावा.

टेपरमध्ये वेगच काढून टाकणे

शर्यतीआधी सराव कमी करायचा, म्हणजे टेपर घ्यायचा, हे सर्वांना ठाऊक असते. काय कमी करायचे याबाबत मात्र घोळ होतो. साधारण दोन आठवड्यांच्या काळात एकूण अंतर ४० ते ६० टक्क्यांनी घटवावे, पण धावण्याचा वेग आणि आठवड्यातील सत्रांची संख्या जवळपास तीच ठेवावी, हा सर्वाधिक तपासला गेलेला मार्ग आहे. आठवड्याला १६० किलोमीटर धावणाऱ्याने पहिल्या आठवड्यात सुमारे ११० आणि दुसऱ्या आठवड्यात सुमारे ७५ किलोमीटरवर यावे. एरवी शर्यतीच्या वेगाने सहा वेळा १,००० मीटर होत असतील, तर आता तीन वेळा करावेत, पण वेग तोच ठेवावा. अंतरही कमी आणि वेगही कमी असे केले, तर शरीराला विश्रांती मिळते, पण पाय शर्यतीची लय विसरतात.

टेपरच्या चौथ्या-पाचव्या दिवशी पाय जड वाटू लागतात आणि इथे हमखास दुसरी चूक घडते. घाबरलेला धावपटू ‘फॉर्म आहे ना’ हे तपासण्यासाठी एक कठीण सत्र उरकतो. ते चांगले झाले, तर त्याने शर्यतीतली ताकद रिकाम्या ट्रॅकवर खर्च केली. वाईट झाले, तर आत्मविश्वासही गेला. जडपणा बहुतेक वेळा शरीर भरून येत असल्याची खूण असते. स्नायूंत ग्लायकोजेन (धावताना लागणारी साठवलेली साखर) साठते तेव्हा त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठते, त्यामुळे वजन किलोभर वाढू शकते. ते पाहून जेवण कमी करणे म्हणजे टाकी भरत असतानाच नळ बंद करण्यासारखे आहे. या दिवसांत १०० मीटरच्या चार-सहा सैल, जलद धावा पुरेशा असतात.

उंचीवरील शिबिराबाबत थोडक्यात. साधारण २,००० ते २,५०० मीटर उंचीवर तीन-चार आठवडे राहिल्यास हिमोग्लोबिनचे एकूण प्रमाण वाढते, मात्र शरीरात पुरेसे लोह असेल तरच. म्हणून शिबिराला निघण्यापूर्वी फेरिटिनची (रक्तातून लोहाचा साठा कळतो ती) तपासणी करून घ्यावी, परत आल्यावर करून उपयोग नाही. खाली उतरल्यावर नेमक्या कितव्या दिवशी पाय हलके होतात, हे प्रत्येकाचे वेगळे असते. त्यामुळे मोठ्या स्पर्धेच्या वर्षी हा प्रयोग पहिल्यांदा करू नये. एक वर्ष आधी कमी महत्त्वाच्या शर्यतीवर करून दिवस मोजून ठेवावेत. उष्ण हवामानातील स्पर्धेसाठी दहा ते चौदा दिवसांची सवय लागते आणि हे दिवस टेपरमध्ये मिसळताना सरावाचा भार आणखी कमी धरावा लागतो, याचा अनेकांना विसर पडतो.

पेसमेकर असलेल्या शर्यतीच्या सवयीने अंतिम फेरी धावणे

डायमंड लीग या अव्वल धावपटूंच्या स्पर्धामालिकेत पेसमेकर, म्हणजे सुरुवातीला ठरलेला वेग राखून देणारा धावपटू, असतो, ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवे असतात आणि सर्वांचे उद्दिष्ट वेळ हेच असते. अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत यांपैकी काहीही नसते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १,५०० मीटरचे सुवर्ण मॅथ्यू सेंट्रोविट्झ याने ३ मिनिटे ५० सेकंदांत जिंकले, म्हणजे त्या शर्यतीतील बहुतेकांच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा खूपच सावकाश. पण शेवटचा लॅप त्याने सुमारे ५१ सेकंदांत मारला. तो संपूर्ण वेळ आतल्या कडेला, अगदी पुढे राहिला. आठ वर्षांनी पॅरिसमध्ये नेमके उलटे घडले. याकोब इंगेब्रिग्टसन याने पहिले ४०० मीटर ५५ सेकंदांच्या आत नेले आणि तोच वेग शेवटपर्यंत ओढण्याचा प्रयत्न केला. अखेरच्या सरळ पट्ट्यात कोल हॉकर आतून शिरू पाहत होता. एकदा वाट बंद झाली, तो क्षणभर मागे सरकला आणि वाट मोकळी होताच पुन्हा आत घुसून ३ मिनिटे २७.६५ सेकंदांच्या ऑलिंपिक विक्रमासह जिंकला. इंगेब्रिग्टसन चौथा आला. काही दिवसांनी त्याच धावपटूने ५,००० मीटरचे सुवर्ण जिंकले, यावरून त्याचा फॉर्म उत्तम होता हे स्पष्ट होते. चुकले होते ते ताकदीचे वाटप.

म्हणून शर्यत संथ झाली तर काय आणि जलद झाली तर काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आदल्या दिवशीच ठरलेली असावीत. ज्याची अखेरची धाव कमकुवत आहे, त्याने संथ शर्यत मुकाट्याने स्वीकारू नये. हॅलबर्गने रोममध्ये जवळपास तीन लॅप बाकी असतानाच मुसंडी मारली आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकवली. मात्र अशी मुसंडी एकदाच आणि पूर्ण जोराने मारायची असते. पुढे जायचे, मागे वळून पाहायचे आणि कचरायचे, यात जोर जातो आणि फायदा मात्र मागच्यांना होतो.

प्राथमिक फेरीत वेळेमागे धावणे हीदेखील आता जुनी झालेली सवय आहे. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेपासून १,५०० मीटर, ५,००० मीटर आणि स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या) प्राथमिक फेऱ्यांत केवळ क्रमांकावर पुढे जाता येऊ लागले. १,५०० मीटरमध्ये प्रत्येक हीटमधून (प्राथमिक फेरीतील गटातून) पहिले सहा. अशा फेरीत पहिले येण्याने काहीही मिळत नाही. पाचव्या क्रमांकावर, दोन्ही बाजूंना नजर ठेवून, दात न आवळता रेषा ओलांडावी.

घोळक्यात कोंडले जाण्याच्या भीतीने बाहेरून धावणे ही चूक दिसत नाही, पण महाग पडते. ट्रॅकची दोन्ही वळणे अर्धवर्तुळे आहेत, त्यामुळे आतल्या कडेपासून जितके मीटर बाहेर राहाल, त्याच्या सुमारे ३.१४ पट अंतर प्रत्येक वळणावर जास्त पडते. १०,००० मीटरच्या शर्यतीत पन्नास वळणे येतात. प्रत्येक वळण एक मीटर बाहेरून घेतले, तर दीडशे मीटरहून अधिक जादा धाव होते. पहिला बराच भाग आतल्या कडेला, कोणाच्या तरी पाठीमागे वाऱ्याचा आडोसा घेत काढावा आणि साधारण तीन लॅप उरले की सरळ पट्ट्यात, वळणावर नव्हे, बाहेर सरकून पहिल्या चारांत यावे. तरीही कोंडले गेलातच, तर धक्काबुक्की करू नये; एक पाऊल मागे घेऊन बाहेर पडण्यात जाणारा अर्धा सेकंद पडण्यापेक्षा केव्हाही परवडतो.

रस्त्यावरच्या शर्यतींतही हेच दिसते. एलिउड किपचोगे २०२३ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये सुरुवातीच्या उतारावर स्वतः पुढे राहून वेग वाढवत राहिला आणि ३० किलोमीटरच्या आसपासच्या चढांवर मागे पडून सहावा आला. त्याच वर्षी शिकागोत केल्विन किप्टम याने पहिले अर्धे अंतर ६० मिनिटे ४८ सेकंदांत आणि दुसरे ५९ मिनिटे ४७ सेकंदांत कापून २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला.

आणि रेषा ओलांडेपर्यंत शर्यत संपत नाही. २०१५ च्या बीजिंग जागतिक स्पर्धेत महिलांच्या १०,००० मीटरमध्ये मॉली हडल हिने कांस्यपदक मिळाले असे समजून शेवटच्या पावलांवर हात उंचावले. तिच्या आतल्या बाजूने एमिली इन्फेल्ड धावतच राहिली आणि ०.०९ सेकंदांनी पदक घेऊन गेली. पंचवीस लॅपनंतर एका पावलाचा फरक. सरावातील प्रत्येक वेगवान धाव रेषेपलीकडे पाच मीटरपर्यंत पूर्ण करण्याची सवय लावली, तर थकलेल्या अवस्थेतही शरीर आपोआप तसेच करते.

चूक नेमकी कुठली, हे कसे ओळखायचे?

वाईट शर्यतीनंतर सर्वांत मोठी घाई निदानाची होते. अविनाश साबळे याचे २०२२ चे वर्ष या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. जूनमध्ये रबात येथे त्याने ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे १२.४८ सेकंद अशी वेळ दिली. जुलैत युजीनच्या जागतिक अंतिम फेरीत शर्यत इतकी संथ झाली की विजेत्यालाही ८ मिनिटे २५.१३ सेकंद लागले, आणि साबळे ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांसह अकरावा आला. केवळ हा आकडा पाहून कोणीही म्हणाले असते की फॉर्म निघून गेला. तीन आठवड्यांच्या आतच बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वेगवान शर्यतीत, त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांसह रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदांनी हुकले. फॉर्म जागेवरच होता. हुकले ते संथ शर्यतीच्या अखेरच्या वेगबदलाला उत्तर देणे.

म्हणून शर्यतीनंतर प्रत्येक लॅपची वेळ आणि प्रत्येक लॅप संपतानाचा क्रमांक, असे दोन रकाने शेजारी मांडावेत. मधल्या लॅपपासूनच वेळ घसरत गेली असेल, तर दोष दमसासाचा किंवा चुकलेल्या टेपरचा आहे, आणि पुढच्या शर्यतीआधी विश्रांती वाढवावी. वेळ स्थिर असून ६०० मीटर बाकी असताना क्रमांक आठवा-नववा असेल, तर जागा घेण्यात उशीर झाला. सरावात बदल करू नये, केवळ पुढे येण्याची जागा बदलावी. क्रमांकही योग्य होता आणि शेवटच्या ३०० मीटरमध्येच पाय उचलले गेले नाहीत, तर थकल्यानंतर वेग काढण्याचा सराव कमी पडला आहे. त्यासाठी आठवड्यातून एकदा शर्यतीच्या वेगाचे १,००० मीटरचे चार-पाच तुकडे झाल्यावर, पुरती विश्रांती न घेता, ३०० मीटरची एक पूर्ण जोराची धाव जोडावी. दोन-तीन आठवड्यांनंतर त्या ३०० मीटरची वेळ कमी होऊ लागली की पुढच्या शर्यतीत ती वापरून पाहावी.