पिचर काळं पडलं म्हणून फवारणी करू नका: घटपर्णीच्या बाबतीत या चुका टाळा

"पिचर काळं पडलंय, काय फवारू?" सांगलीत मार्च लागला की हा फोन ठरलेला. काही फवारू नका. पिचर म्हणजे घटपर्णीच्या पानाच्या टोकाला लोंबणारा, किडे धरायचा घडा. जुनं पिचर झाकणाकडून वाळत खाली येतं, त्याचं वय झालेलं असतं. तब्येत बघायची ती शेंड्याच्या नव्या पानावर. ते धड येतंय? मग वाळलेलं कापा आणि गप्प बसा.

नवं पान बारकं आणि टोकाला करपलेलं असेल, तर दोष बहुतेक पाण्याचा. बोअरचं पाणी चालत नाही हे मलाही पाठ होतं, तरी मी एक झाड मारलं. आरओच्या (पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या) वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीखाली बादली लावायचो आणि 'आरओचंच की' म्हणून घटपर्णीला घालायचो. दोन महिन्यांत कडा तपकिरी, कुंडीच्या काठावर पांढरी खरपुडी. मला वाटलं उपाशी आहे, म्हणून चमचाभर १९:१९:१९ खत टाकलं. आठवड्यात शेंडा काळा. मग कुठं पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला. बादलीत ११४०, प्यायच्या नळाला ३८! मशीननं बाजूला काढलेले क्षार मी रोज झाडाला पाजत होतो. मुळात निकस जमिनीतलं झाड हे, म्हणून तर किडे धरतं. मुळाशी खत त्याला सोसत नाही. आता पहिले दोन पाऊस सोडतो आणि मग पत्र्याखाली कॅन भरून ठेवतो. मीटर ५०च्या वर गेला की ते पाणी जास्वंदीला.

पानाच्या टोकाची तार वाळते, पिचर धरत नाही? हवा कोरडी किंवा उजेड कमी. आपल्याकडची देशी घटपर्णी मेघालयातली, धो धो पावसातली. तिला आपला एप्रिल कसा मानवणार? पूर्वेची बाजू, शेडनेट, सकाळचं ऊन. हवा दमट राहावी म्हणून उन्हात प्लास्टिकची पिशवी घालणारे झाड उकडून काढतात. आणि नर्सरीतून आणून पंधरा दिवस झाले नाहीत तोवर पिचर मागणाऱ्यांनी मनीप्लांट लावावा.

काळी माती, शेणखत, गांडूळखत: नको. मॉस (वाळलेलं शेवाळ) आणि परलाइट (पांढरे हलके खडे).

पिचरमध्ये चिकनचे तुकडे: सडतात. मुंग्या आपल्या पायांनी आत जातात.

कासच्या सड्यावर दवबिंदू (किडे खाणारी दुसरी वनस्पती) पाणथळीत वाढते म्हणून घटपर्णीही ताटलीत बुडवून ठेवतात. मुळं कुजतात. पाणी वरून घाला, निथळू द्या.

पानाच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. कानातल्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून टिपा, चार दिवसांनी परत बघा. पहिल्यांदा सगळे सापडत नाहीतच.