दूरच्या दुर्घटनेची बातमी येते तेव्हा आपल्या माणसाच्या काळजीचे काय करावे

२२ मे २०१७ रोजी रात्री साडेदहाच्या सुमारास इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एका संगीत कार्यक्रमाच्या शेवटी बॉम्बस्फोट झाला आणि २२ निरपराध माणसे मारली गेली. भारतात त्या वेळी २३ मेची पहाट होती. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी ब्रिटनमध्ये आहे अशा पुण्यातील घरांत अशी बातमी सकाळच्या चहाच्या वेळी पोचते, आणि मूल लंडनला असो, लीड्सला असो की स्कॉटलंडमध्ये असो, आईवडिलांच्या पोटात गोळा येतोच. लंडन ते मँचेस्टर हे अंतर पुणे ते कोल्हापूर या अंतराहून जास्त आहे आणि ब्रिटनची लोकसंख्या सात कोटींच्या घरात आहे, हे ठाऊक असूनही जीव थाऱ्यावर येत नाही. कोथरूड, औंध, बाणेर किंवा सिंहगड रस्ता या भागांत ही काळजी घरोघरची आहे आणि ती करणाऱ्याने तिची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. मात्र तिला योग्य वाट करून द्यावी लागते, आणि ती वाट कशी करावी हे शिकता येते.

अशा वेळी घरातले कोणीतरी लगेच शक्यतेचे गणित मांडू लागते. ते गणित बहुधा बरोबरच असते. २०२४ साली जगभरात विमानांची सुमारे ४ कोटी उड्डाणे झाली आणि त्यांत जीवघेणे अपघात ७ झाले, हे खरे आहे. परंतु आईची काळजी कोट्यवधी प्रवाशांची नसते, एकाच माणसाची असते, आणि त्या एका माणसाविषयी सरासरी काहीही सांगत नाही. शिवाय अत्यल्प शक्यता म्हणजे शून्य शक्यता नव्हे, हे पुणेकरांना समजावून सांगावे लागत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ जे २६ जण मारले गेले त्यांत पुण्याचेही दोघे होते. विमानापेक्षा आपले रस्ते धोक्याचे आहेत, असे सांगून धीर देण्याचीही एक पद्धत आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, म्हणजे दररोज सुमारे ४६०. आकडा खरा आहे, पण घाबरलेल्या माणसाला तो ऐकवला तर जुनी भीती जात नाही आणि एक नवी मागे लागते. गणिताची जागा शांत दिवशी, निर्णय घेताना असते. बातमी आल्यानंतरच्या पहिल्या तासात ते बाजूला ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जे चित्र डोळ्यांसमोर सहज उभे राहते ते मनाला अधिक संभाव्य वाटते, असे आमोस ट्वर्स्की आणि डॅनिअल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडले. जळणाऱ्या इमारतीचे दृश्य दिवसातून अनेकदा पाहिले की ते सहज उभे राहते, आणि त्यात आपल्या माणसाचा चेहरा बसवायला मनाला वेळ लागत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपल्याकडे म्हणतात ते याच अनुभवातून. म्हणून मनाशी वाद घालत बसण्यापेक्षा त्याच्या खऱ्या प्रश्नाला उत्तर द्यावे. तो प्रश्न शक्यता किती, असा नसतो. आपले माणूस या घटकेला नेमके कुठे आहे, एवढाच असतो.

त्यासाठी प्रथम नकाशा उघडावा. दुरून पाहणाऱ्याला बातमीतले शहर, राज्य किंवा देश म्हणजे एकच ठिकाण वाटते. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा परदेशातील मुलांच्या कानांवर ‘पुण्यात स्फोट’ एवढेच शब्द पडले असतील. कोथरूडमध्ये राहणारे आणि संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसणारे आपले वडील त्या वेळी कोरेगाव पार्कात असण्याचे काही कारण नाही, हे इथल्या माणसाला क्षणात कळते. न्यू जर्सीत बसलेल्या मुलाला ते आठवावे लागते, कारण त्याच्या मनात त्या क्षणी पुणे हा नुसता एक शब्द असतो. आपली गत त्यांच्या बाबतीत नेमकी तशीच होते. ३ ऑगस्ट २०१९ रोजी टेक्सासमधील एल पासो येथे एका मोठ्या दुकानात गोळीबार होऊन २३ जणांचे प्राण गेले. ज्यांची मुलगी टेक्सासमधील डॅलस येथे होती, त्यांनाही ‘टेक्सास’ हा शब्द ऐकून धडकी भरली असणार. पण डॅलस ते एल पासो हे अंतर सुमारे १,००० किलोमीटर आहे आणि पुण्याहून नागपूरही इतके लांब नाही. म्हणून मोबाइलवरील नकाशात घटनेचे ठिकाण आणि मुलाचा पत्ता अशी दोन्ही नावे घालून अंतर किलोमीटरमध्ये वाचावे, ते आपल्या पायाखालच्या एखाद्या अंतराशी ताडून पाहावे आणि कागदावर लिहून ठेवावे. लिहिलेला आकडा पुन्हा वाचता येतो. मनातला आकडा टिकत नाही.

नकाशानंतर घड्याळ. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा. कॅलिफोर्निया साडेबारा किंवा साडेतेरा. जर्मनी साडेतीन किंवा साडेचार. सिडनी आणि मेलबर्न मात्र आपल्या साडेचार किंवा साडेपाच तास पुढे असतात. पुण्यात सकाळचे अकरा वाजले असताना न्यूयॉर्कमध्ये जून महिन्यात रात्रीचा दीड वाजलेला असतो, आणि त्या वेळी फोन उचलला जात नाही याचे सर्वांत साधे कारण झोप हेच असते. घटना घडली तेव्हा तिथे किती वाजले होते, तो कामाचा वार होता की सुट्टीचा, आणि त्या वेळी आपले माणूस एरवी कुठे असते, या तीन गोष्टी पाहिल्या की बहुतेक वेळा घोर निम्म्यावर येतो.

त्यानंतरही चैन पडत नसेल तर विचारावे, आणि निःसंकोच विचारावे. अंतर इतके आहे तर कशाला विचारायचे, असे म्हणून स्वतःला आवरत दिवस काढण्यात शहाणपण नाही. फक्त विचारण्याची रीत सांभाळावी. लागोपाठ फोन करू नयेत, कारण जागे झाल्यावर घरचे वीस चुकलेले कॉल पाहून पुण्यातच काहीतरी अघटित घडले असे त्या मुलाला वाटते. एकच लेखी निरोप पाठवावा: “बातमी पाहिली. तू बरा आहेस एवढे लिही. फोनची घाई नाही.” या तीन वाक्यांत आपण का विचारतो आहोत, काय हवे आहे आणि काय नको आहे, हे सगळे येते. घरातील एकाच व्यक्तीने हा निरोप पाठवावा आणि उत्तर आले की ते वेळेसह सर्व नातेवाइकांना कळवावे, म्हणजे नाशिकचे मामा, सांगलीची आत्या आणि सदाशिव पेठेतले काका यांचे स्वतंत्र फोन त्या मुलाला घ्यावे लागणार नाहीत.

उत्तर येईपर्यंतचा वेळ सर्वांत कठीण असतो. भूकंप, पूर किंवा स्फोट झालेल्या प्रदेशात असंख्य लोक एकाच वेळी फोन करू लागतात, यंत्रणेवर ताण येतो आणि कॉल लागत नाहीत. अशा वेळी साधा एसएमएस पुष्कळदा पोचतो, कारण त्याला जागा फार थोडी लागते आणि वाट मोकळी होताच तो पुढे जातो. तेव्हा न लागलेल्या फोनचा वाईट अर्थ काढू नये. या वेळात टीव्ही पूर्ण बंद ठेवावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. एप्रिल २०१३ मधील बॉस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकी संशोधकांनी केलेल्या पाहणीत असे आढळले की, ज्यांनी पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा त्याहून अधिक वेळ त्या बातम्या पाहिल्या त्यांच्यात, प्रत्यक्ष घटनास्थळी किंवा आसपास असलेल्यांपेक्षाही तीव्र ताणाची लक्षणे जास्त होती. वाहिनीवर तासाभरात नवीन असे फार थोडे येते; तीच दृश्ये फिरत राहतात. माहिती हवीच असेल तर ठरावीक अंतराने एखाद्या भरवशाच्या वृत्तसंस्थेची लेखी बातमी वाचावी. मधल्या वेळात हातांना काम द्यावे, भाजी निवडावी, रामरक्षा म्हणण्याची सवय असेल तर म्हणावी, किंवा फोनचा आवाज चालू आणि इंटरनेट बंद ठेवून तळजाईला एक चक्कर मारून यावे.

आपले माणूस खरोखरच त्या परिसरात असेल, तर वरचे सगळे बाजूला ठेवून कामाला लागावे. जून २०१३ मध्ये केदारनाथचा प्रलय झाला तेव्हा महाराष्ट्रातून गेलेले पुष्कळ यात्रेकरू वर अडकले होते, आणि एप्रिल २०१५ च्या भूकंपाच्या वेळी नेपाळमध्ये भारतीय पर्यटक होते. अशा प्रसंगी त्या व्यक्तीचे पासपोर्टवरील पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, शेवटचे बोलणे कधी व कुठून झाले, मुक्कामाचे ठिकाण, सहलीच्या आयोजकाचा आणि सोबत्यांचा क्रमांक हे सर्व एका कागदावर लिहावे. देशात असेल तर संबंधित जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाशी, परदेशात असेल तर तेथील भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. मोठ्या घटनेनंतर परराष्ट्र मंत्रालय बहुधा नियंत्रण कक्ष उघडते आणि त्याचे क्रमांक जाहीर करते. नाव, छायाचित्र आणि ‘कृपया शोधा’ असा मजकूर समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई करू नये, कारण माणूस सापडल्यानंतरही तो मजकूर फिरत राहतो.

सुखरूप असल्याचे कळल्यावर पहिल्याच फोनवर “परत ये” किंवा “तिकीट रद्द कर” असे म्हणू नये. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत अनेकांनी विमान टाळून मोटारीने प्रवास केला आणि त्यानंतरच्या महिन्यांत तेथील रस्त्यांवरील मृत्यू वाढले, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांनी दाखवून दिले आहे. भीतीच्या भरात निवडलेला मार्ग अधिक धोक्याचा निघू शकतो, आणि अमुक प्रवास करावा की नाही याचे गणित मांडण्याची योग्य जागा ती हीच. आपले माणूस वाचले या आनंदात कधीकधी एक अपराधी भावना मिसळते, कारण दुसऱ्या कोणाच्या घरी तो निरोप आलेला नसतो. ती भावना दडपू नये. दोन मिनिटे शांत बसून त्या अनोळखी माणसांचे स्मरण करावे, आणि मदतीसाठी खात्रीलायक निधी उभा राहिला असेल तर यथाशक्ती द्यावे.

या सगळ्याची अर्धी तयारी एखाद्या निवांत रविवारी होऊ शकते. मुलाचा घरचा व कार्यालयाचा पूर्ण पत्ता, सोबत राहणाऱ्या मित्राचा क्रमांक, जवळच्या भारतीय दूतावासाचा क्रमांक आणि पासपोर्टची प्रत असे एक पान घरातल्या फोनच्या वहीत असावे. ‘जवळपास काही घडले तर आम्ही विचारण्याआधी तू एक शब्द पाठवायचा’ असा करार मुलांशी करावा, आणि पुण्यात काही घडले तर आपणही तो पाळावा.

सर्व कळूनही आठवडे लोटले तरी झोप लागत नसेल, दिवसातून अनेकदा खात्री करून घेतल्याशिवाय राहवत नसेल, किंवा प्रत्येक फोन वाजताच छातीत धडधडत असेल, तर आपल्या डॉक्टरांशी बोलावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

घरात आजी-आजोबा असतील तर बातमी त्यांच्यापासून लपवू नये, कारण ती शेजारून कळतेच. सांगताना मात्र नात सुखरूप आहे, तिच्याशी बोलणे झाले आहे, हे आधी सांगावे आणि नंतर कुठे काय घडले ते सांगावे. शक्य असेल तर तिचा आवाज त्यांना त्याच दिवशी ऐकवावा.