किनाऱ्याच्या सहलीची आखणी: आधी भरतीचे वेळापत्रक, मग नकाशा

किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी हाकत जायचे, ताजी मासळी खायची आणि मनाला येईल तिथे थांबायचे, एवढ्या साध्या बेताला आखणी कशाला हवी, असे पुष्कळांना वाटते. मलाही अनेक वर्षे तसेच वाटत असे, आणि त्या वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक सहलीत एक तरी दुपार अशी गेली की समोर समुद्र, पाठीमागे नुकतीच बंद झालेली खानावळ आणि हातात बिस्किटांचा पुडा. ‘मासळी काय, किनाऱ्यावर केव्हाही मिळते’ आणि ‘नकाशा तीन तास म्हणतो म्हणजे तीनच तास’ हे दोन सल्ले ज्यांनी मला दिले, त्यांनी किनाऱ्यावर सलग चार दिवस कधी काढले असतील असे मला वाटत नाही. पुढे दिले आहे ते अशा अनेक फसलेल्या दुपारींनंतर हाती आलेले आहे.

महिना ठरवणे

ठिकाण ठरवण्याआधी महिना ठरवावा, आणि तो सुट्टीच्या सोयीने ठरवण्याआधी त्या किनाऱ्यावरची मासेमारी कधी बंद असते हे पाहावे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात बंदी असते. इतर देशांतही मासळीच्या प्रजननकाळानुसार असे नियम आहेत, आणि शेवंड, खेकडे, कालवे यांचे हंगाम पुष्कळदा माशांपेक्षा वेगळे ठरवलेले असतात. कालवांविषयीचा युरोपातला जुना संकेत असा की इंग्रजी नावात ‘आर’ हे अक्षर असलेल्या महिन्यांतच, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, ती खावीत. तिथली मूळची कालवे उन्हाळ्यात अंडी धरतात आणि पाणचट लागतात, शिवाय उन्हाळ्यात ती लवकर खराबही होतात. आज मत्स्यशेतीत वाढवलेली कालवे बारमाही मिळतात, म्हणून हा संकेत कुणी फारसा पाळत नाही, पण कच्ची कालवे खाणाऱ्याने तो लक्षात ठेवलेला बरा. बंदीच्या काळात खानावळी उघड्या असतात, मेनूही तोच असतो, फक्त ताटातली मासळी शीतगृहातून आलेली असते. ज्या सहलीचा आधारच मासळी आहे तिच्यासाठी हे दोन महिने सोडून द्यावेत.

मुक्काम

दर रात्री नवे गाव नको. चार दिवसांसाठी दोन मुक्काम पुरतात, आणि दोन्ही शक्यतो चालू मासेमारी बंदराच्या गावात असावेत.

दिवसाची आखणी: खरी अडचण इथे आहे

किनाऱ्यावरच्या दिवसात तीन वेगवेगळी घड्याळे चालतात: पाण्याचे, स्वयंपाकघराचे आणि रस्त्यावरच्या उजेडाचे. सहल बिघडते ती बहुतेक वेळा यांतले एकच पाहून दिवस आखल्यामुळे, आणि ते एक म्हणजे बहुधा रस्त्याचे.

सुरुवात पाण्यापासून करावी. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे आज सकाळी साडेआठला असलेली भरती उद्या सुमारे सव्वानऊ ते साडेनऊच्या दरम्यान येते. रोजचा हा पन्नासेक मिनिटांचा सरक ज्याने लक्षात घेतला नाही, त्याची पहिल्या दिवशी उत्तम जमलेली आखणी चौथ्या दिवशी जमत नाही आणि का जमत नाही हेही त्याला कळत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, म्हणजे पाणी फार वर चढते आणि तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि चढउतार कमी असतो. भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर हा फरक इतका थोडा असतो की सहलीसाठी तो विचारात घेण्याचे कारण नाही, मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागांत दिवसातून एकच भरती येते, आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात मात्र पाणी १६ मीटरांपर्यंत चढते. तेव्हा आपण जाणार त्या बंदराचेच वेळापत्रक मिळवावे. शेजारच्या मोठ्या शहराचे घेऊन भागत नाही, कारण खाडीच्या आत भरती उशिरा पोहोचते.

हे सगळे मासळी खाणाऱ्याला कशाला हवे, असे कुणी विचारेल. लहान बंदरांच्या आणि खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा बांध साचलेला असतो, काही बंदरे तर ओहोटीला पूर्ण कोरडी पडतात. अशा ठिकाणी नौका पाणी चढल्याशिवाय आत येऊ शकत नाहीत, त्यामुळे तिथली मासळी घड्याळावर येत नाही, भरतीवर येते. ‘पहाटे पाचला बंदरावर जा’ हा सरसकट सल्ला ऐकून मी एका बंदरावर पहाटे पाच ते साडेसात बसून राहिलो होतो. समोर चिखल होता, कलंडलेल्या चार होड्या होत्या आणि जाळे विणणारे एक आजोबा होते. मी कशासाठी आलो आहे हे त्यांनी अखेर साडेसातच्या सुमाराला विचारले आणि नौका अकराला येतील असे सांगितले. खोल पाण्याच्या मोठ्या बंदरात लिलाव ठरल्या वेळी होतो, हे खरे. लहान बंदरात भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर तास-दीड तास हा काळ धरावा, आणि तोही आदल्या संध्याकाळी तिथेच विचारून पक्का करावा.

भरतीचे दुसरे काम अधिक गंभीर आहे. पाणी ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. जुन्या नाविकांचा ठोकताळा असा की एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते, म्हणजेच निम्मे पाणी मधल्या दोनच तासांत येते. हे मला ठाऊक नव्हते तेव्हा मी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी एका खाडीच्या मुखाशी घट्ट वाळूवर गाडी उभी केली. पाणी दीडशे पावले लांब होते, गेल्या तासाभरात ते जेमतेम दहा पावले सरकले होते, आणि तिथल्या एकाने ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ असेही सांगितले होते. जेवून दीड तासाने परतलो तेव्हा चाके निम्मी बुडाली होती. ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली, पण खारे पाणी ब्रेकमध्ये शिरले होते, आणि सहलीचे उरलेले दोन दिवस गॅरेजच्या बाकावर गेले. तेव्हापासून वाळूवर गाडी नेण्याचा सल्ला देणाऱ्याशी मी वादही घालत नाही, फक्त त्याच्या गाडीत बसत नाही. भाड्याच्या गाडीच्या बाबतीत तर अनेक करारांत खाऱ्या पाण्याने झालेले नुकसान विम्याबाहेर ठेवलेले असते.

ओहोटीला उघडे पडणारे रस्ते ही याच धोक्याची देखणी बाजू आहे. इंग्लंडमधल्या होली आयलंडकडे किंवा फ्रान्समधल्या न्वारमूतिए बेटाकडे जाणारे असे रस्ते दिवसातून दोनदा पाण्याखाली जातात. न्वारमूतिएच्या रस्त्यावर तर अडकलेल्यांना चढून बसण्यासाठी मचाणांचे खांब उभारलेले आहेत, आणि ते शोभेसाठी नाहीत. अशा रस्त्यावर पाटीवर लिहिलेल्या सुरक्षित वेळेच्या शेवटच्या अर्ध्या तासात पाऊल घालू नये, मग पलीकडे कितीही नामांकित खानावळ असो.

आता स्वयंपाकघराचे घड्याळ. माझे ठाम मत असे की मासळीचे मुख्य जेवण दुपारीच घ्यावे. सकाळी उतरलेली मासळी तेव्हा ताटात येते, तर रात्री बहुधा दुपारची उरलेली असते. लहान खानावळी दुपारी दोन-अडीचला शेगडी बंद करतात आणि चांगला मासा त्याआधीच संपतो, म्हणून पावणेएकला बसावे, एकला नव्हे. वादळी वारा असेल तर नौका समुद्रात जात नाहीत, आणि वारा थांबल्यावरही दिवस-दोन दिवस ताजी मासळी दुर्मीळ असते. अशा दिवशी रस्त्याचा बेत वाढवावा आणि जेवणाची अपेक्षा कमी करावी. साप्ताहिक सुट्टीचा दिवसही आधी विचारून घ्यावा. नौका ज्या दिवशी समुद्रात जात नाहीत, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुष्कळ खानावळी बंद असतात.

रस्त्याचे घड्याळ शेवटी लावावे. वळणांच्या किनारी रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरचा वेग मिळाला तरी पुष्कळ, आणि नकाशातली वेळ कुठेही न थांबता जाणाऱ्यासाठी असते. तुम्ही थांबण्यासाठीच निघाला आहात, म्हणून तिची दीडपट करावी. दिवसाला १०० ते १२० किलोमीटरांपेक्षा जास्त अंतर घेऊ नये. ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड सुमारे २४० किलोमीटरांचा आहे आणि लोक तो एका दिवसात ‘उरकतात’. त्या शब्दातच सगळे आले. दिशाही महत्त्वाची असते. वाहने डावीकडून चालणाऱ्या देशांत समुद्र डाव्या हाताला राहील असे जावे आणि उजवीकडून चालणाऱ्या देशांत उजव्या हाताला, म्हणजे समोरची वाहतूक न ओलांडता थांब्यांवर वळता येते. याच कारणाने ग्रेट ओशन रोड टॉर्कीपासून पश्चिमेकडे, आणि कॅलिफोर्नियाचा किनारी महामार्ग उत्तरेकडून दक्षिणेकडे जावा. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून वळणांवर गाडी चालवणे मात्र टाळावे, कारण मावळतीचा सूर्य नेमका काचेवर येतो. आणि भरपेट जेवणानंतर लगेच वळणांचा रस्ता घेऊ नये. मागच्या आसनावरच्या माणसांना विचारून पाहा.

ही तिन्ही घड्याळे जुळवलेला एक दिवस असा दिसतो. भरती सकाळी साडेआठला आहे असे समजा. सात ते नऊ बंदरावर काढावेत, कोणता मासा उतरला आहे ते डोळ्यांनी पाहावे, आणि मग साडेनऊला निघून पन्नासेक किलोमीटरांचा वळणांचा रस्ता उन्हे डोक्यावर येण्याआधी संपवावा. पावणेएकला जेवण. ओहोटी पावणेतीनच्या सुमारास असल्याने दोन ते साडेतीन खडकांवर आणि ओल्या वाळूवर फिरता येते, आणि उजेड असतानाच आतल्या सरळ रस्त्याने मुक्कामाला परतता येते. आठवड्याने हीच भरती दुपारी सव्वादोनच्या पुढे गेलेली असते आणि ओहोटी सकाळी आठला येते. तेव्हा क्रम उलटवावा: सकाळी खडकांवर फिरणे, मग रस्ता, आणि दुपारी उतरलेल्या मासळीसाठी त्या एकाच दिवशी रात्रीचे जेवण मुख्य धरावे. वर दिलेल्या दुपारच्या नियमाला माझ्या लेखी हा एकमेव अपवाद आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री रस्ता उघडा आहे ना, हे पाहावे. कॅलिफोर्नियातल्या बिग सरच्या पट्ट्यात मे २०१७ मध्ये दरड कोसळल्यावर तो महामार्ग वर्षभराहून अधिक काळ तुटलेला होता. किनारी रस्त्यांना समांतर पर्याय क्वचितच असतो, त्यामुळे एक दरड म्हणजे शंभर किलोमीटरांचा वळसा ठरू शकतो.

मासळी मागवणे

मेनू वाचण्याआधी ‘आज काय उतरले’ एवढे विचारावे. उत्तर देणारा माणूस आत जाऊन दोन नावे घेऊन आला तर तिथे बसावे, आणि ‘सगळे आहे’ म्हणाला तर उठावे. पूर्ण मासा दाखवायला सांगण्यात संकोच नको. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल आणि बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येणारे असावे. ताज्या मासळीला समुद्राचा वास येतो, मासळीचा येत नाही. जिथे दर ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलेला असतो तिथे वजन आणि दर दोन्ही मासा शिजण्याआधी विचारावेत, आणि वजन साफ करण्यापूर्वीचे की नंतरचे हेही विचारावे. बिलावर वाद घालून उपयोग नसतो, कारण तोवर पुरावा पोटात गेलेला असतो.

दोन गोष्टींत धाडस करू नये. बांगडा, ट्यूना यांसारखे मासे उष्ण हवेत पडून राहिले की त्यांत हिस्टामिन हे बाधणारे द्रव्य तयार होते आणि ते शिजवल्याने नष्ट होत नाही. असा मासा जिभेला झणझणीत लागला तर घास तिथेच थांबवावा. शिंपल्या स्वतः वेचून शिजवण्याचा मोह त्याहून घातक आहे. शिंपल्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे विषारी शेवाळ फोफावल्यावर ते विष त्यांच्यात साठते, आणि तेही उकळण्याला दाद देत नाही. किनाऱ्यावर बंदीची पाटी असेल तर ‘आम्ही नेहमी खातो’ म्हणणाऱ्याचे ऐकू नये. खानावळीतही शिजल्यावर न उघडलेली शिंपली बाजूला ठेवावी.

परतीचा दिवस

घरी मासळी न्यायची असेल तर ती शेवटच्या सकाळी घ्यावी, तिथेच साफ करून मागावी, आणि डब्यात बर्फाचा थर खाली व वर दोन्हीकडे घालून वितळलेले पाणी वाटेत काढत राहावे. घरी पोहोचल्यावर आधी मासळी फ्रीजमध्ये जाते आणि त्याच संध्याकाळी गाडी खालून गोड्या पाण्याने धुतली जाते. चाकांच्या कमानींच्या आतूनही पाणी मारावे, मीठ तिथेच बसते.