किनारी मैदानातल्या ओढ्यात सोनं धुताना

डोंगरातल्या ओढ्याची सवय असलेला माणूस मैदानात आला की वळणाच्या आतल्या बाजूची वाळू उपसायला लागतो. मैदानात तेवढ्यावर भागत नाही. अलास्कात नोमजवळच्या अँव्हिल क्रीकवर १८९८ साली सोनं सापडलं आणि पुढच्याच वर्षी लोक थेट समुद्रकाठची वाळू धुऊ लागले. तिथे समुद्र कधी पुढे आला, कधी मागे गेला, त्यामुळे मैदानाच्या पोटातही जुने किनारे गाडलेले आहेत. ओढा असा किनारा कापून जात असेल, तर त्याच्या लगेच खालचा भाग मी सगळ्यात आधी तपासतो. काळ्या वाळूत गार्नेट या जड, लाल खनिजाची लाली दिसली की तिथे थांबायचं. अर्थात, क्लेम, म्हणजे त्या जागेवर सोनं काढायचा हक्क, कुणाच्या नावावर आहे हे आधी बघून.

सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, तर क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, २.६५ पट. पाण्याने खडी हलत राहिली की सोनं खाली सरकतं आणि अडेल तिथे बसतं. इथे कातळ बऱ्याचदा खूप खोल असतो, पण त्याचं काम घट्ट चिकणमाती करते. म्हणून खणत त्या थरापर्यंत जा. त्याच्यावरची शेवटची चार बोटं खडी आणि मातीचा वरचा पापुद्रा, एवढाच माल बादलीत भरा. गोठलेली जमीन लागली तर उघडी करून उन्हात सुटू द्या. काठाखाली मात्र पोखरू नका. वितळणारा काठ अचानक अंगावर येतो.

पॅन, म्हणजे सोनं धुवायची उथळ थाळी, प्लास्टिकचं घ्या. पाण्याखाली धरून चिकणमातीचं प्रत्येक ढेकूळ बोटांनी कुस्करा. घाई करू नका, कारण न फुटलेलं ढेकूळ सोन्याचे कण चिकटवून बाहेर घेऊन जातं. मग पॅन सपाट धरून जोरात डावी-उजवीकडे हलवा, जरा तिरकं करा, वरचा थर पाण्याला वाहू द्या, पुन्हा हलवा. मैदानातलं सोनं पिठासारखं बारीक आणि चपटं असतं, ते पाण्यावर तरंगतंसुद्धा. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडतं. शेवटी काळी वाळू उरते. ती वाळवून त्यातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज चुंबकाने काढा. गार्नेट मागे राहतं, ते पुन्हा हळूहळू धुवावं लागतं.

शंका आली तर कण सावलीत धरा. अभ्रकाची चमक जाते, सोन्याचा रंग तसाच राहतो. सुई टोचून बघा: सोनं दबतं, सोन्यासारखा दिसणारा पायराइट फुटतो.

जुन्या खाणकामगारांनी पारा वापरलेल्या ओढ्यांत कधीकधी चंदेरी थर चढलेले कण मिळतात. ते वेगळ्या बाटलीत, पाण्यात बुडवून ठेवा आणि घरी कधीही तापवू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते. काम झालं की खड्डा त्याच खडीने बुजवा आणि गढूळ पाणी ओढ्यात सोडण्याआधी निवळू द्या.